उत्तरेकडची भिंत

रविवार, २ फेब्रुवारी

आज मी अध्यक्ष झालो. तामांको टेकडीच्या सौर सहकारी संस्थेचा पहिला अध्यक्ष, ओरिवाल्दो द पाउला, वय त्रेसष्ट. टेकडीवर सगळे मला आदराने 'सेऊ ओरिवाल्दो' म्हणतात, त्यामुळे माझ्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. बायको म्हणाली, "राहणार कोण? सभा फुटबॉलच्या वेळेला ठेवली होतीस." इरासिल्दाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, हे मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे.

म्हणून ही दैनंदिनी. समुद्राकाठच्या ज्या इमारतीत मी एकतीस वर्षं दाराशी बसलो, तिथली पाहुण्यांच्या नोंदीची एक कोरी वही निवृत्तीच्या दिवशी मी मागून घेतली होती. (इरासिल्दाच्या मते 'मागून' हा शब्द बरोबर नाही.) पानांवर 'नाव', 'मजला', 'कामाचे स्वरूप' असे रकाने छापलेले आहेत. त्यांच्यावरच लिहितो आहे. उद्या कुणी टेकडीचा इतिहास लिहायला बसलं तर त्याला अस्सल कागद नको का मिळायला?

योजना अशी. वस्तीच्या सभागृहाच्या गच्चीवर चाळीस पॅनल बसणार. सभागृहाच्या खालच्या मजल्यावर दोना युफ्राझियाबाईंचं पाळणाघर आहे, सव्वीस पोरं. गेल्या उन्हाळ्यात कंपनीने तिथली वीज चार वेळा तोडली आणि आम्ही चार वेळा आकडा टाकला. चौथ्या आकड्याला तारच जळून गेली. पंखे बंद, फ्रीजमधलं दूध नासलं, पाळणाघराला महिनाभर कुलूप. तीन आया पोरांना काखोटीला मारून धुण्याभांड्याच्या कामावर गेल्या, त्यातल्या दोघींना मालकिणींनी दारातूनच परत पाठवलं. आता सूर्याला कुणी तोडू शकणार नाही. हे वाक्य माझं आहे, भाषणात वापरणार आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

इंजिनिअर आली. बेतिना. एवढीशी पोर, नाकावर पांढरं मलम थापलेलं. दोनशे बारा पायऱ्या चढून आल्यावर दहा मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. मग फुटले ते थांबेनात. म्हणे, उत्तरेची बाजू मोकळी हवी. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आपला सूर्य उत्तरेकडून येतो, आत्ता उन्हाळ्यात डोक्यावर दिसतोय पण जूनमध्ये खाली वाकून येईल, तेव्हा पुढे काही उभं असेल तर पॅनलवर सावली पडेल. मी म्हणालो, "बाई, त्रेसष्ट वर्षं याच सूर्याखाली काढली आहेत मी."

तिच्या छापील अर्जात एक प्रश्न होता. 'उत्तरेच्या बाजूस पुढे बांधकाम होण्याची शक्यता आहे काय?' सभागृहाच्या उत्तरेला लागूनच कुणाचं घर आहे? माझं. दोन्ही गच्च्या एका पातळीत आहेत. मी 'नाही'वर खूण केली आणि खाली लिहिलं, 'याची हमी अध्यक्ष स्वतः घेतात.'

"नक्की ना?" तिने विचारलं.

"ते छप्पर माझं आहे," मी म्हणालो.

इथे एक बारीकशी गोष्ट केवळ प्रामाणिकपणापोटी नोंदवतो. माझ्या घरावरची गच्ची मी नऊ वर्षांपूर्वी मारिनाल्व्हाला विकली आहे. आमच्या टेकडीवर हे काही विशेष नाही. खालचं घर एकाचं, त्याच्या डोक्यावरची हवा दुसऱ्याची. हाताने लिहिलेला कागद आणि दोन साक्षीदार, की झालं. त्या पैशांतून मी वरचे दात बसवले, आणि ते चांगले बसले आहेत. पण कागद असला म्हणून बाई बांधते आहे थोडीच! नऊ वर्षांत तिने दोन पोती सिमेंट आणलं. त्यातलं एक पावसात भिजून दगड झालं, त्याच्यावर इरासिल्दा धुणं आपटते. मारिनाल्व्हा आठवडाभर खाली शहरात एका म्हाताऱ्या मालकिणीकडे असते, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नाही आणि आतून कडीही नाही, कारण म्हातारी केव्हाही हाक मारते. रविवारी बहिणीच्या ओट्याखाली गादी टाकून पडते. पन्नाशी आली. माणसाला सगळ्याची सवय होते.

तर शक्यता नाही हे उत्तर खरंच आहे.

शनिवार, १५ मार्च

चाळीस पॅनल वर चढले. एकेक पॅनल दोघांच्या डोक्यावर, दोनशे बारा पायऱ्या, आणि वळणावर तिसरा माणूस ओरडायला. ओरडण्याचं काम मी केलं. घसा बसला. दोना युफ्राझियाबाई म्हणाल्या, "ओरिवाल्दो, तुला एक पॅनल देऊ का, म्हणजे घशाला विश्रांती मिळेल?" बाई बहात्तर वर्षांच्या आहेत म्हणून मी ऐकून घेतो. एक पॅनल घेतला. सातव्या पायरीवर कमरेत उसण भरली, तेव्हा परत ओरडायला लागलो.

रविवार, १३ एप्रिल

उद्घाटन. नगरसेवकाने फीत कापली. या गृहस्थाला टेकडीची वाट निवडणुकीशिवाय सापडत नाही, आज सापडली, कारण खाली रस्त्यावर कॅमेरेवाले उभे होते. वर यायला त्याला दोन माणसांनी कोपराला धरलं होतं. मग पॅनलचे पैसे देणाऱ्या देणगीदारांच्या परदेशी पाहुण्याने भाषण केलं की, तुम्ही लोक इतक्या कमीत इतके आनंदी कसे राहता हे मला शिकायचं आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "शिकायला या ना, जानेवारीत या, पंख्याविना!" दुभाष्याने त्याचं भाषांतर 'धन्यवाद' असं केलं.

पोलादी पाटीवर माझं नाव आहे. नगरसेवकाचं जरा वर आणि जरा मोठं, पण स्क्रू दोघांचे सारखेच आहेत.

मग दोना युफ्राझियाबाईंनी बटण दाबलं. सहाही पंखे एकदम फिरायला लागले. सव्वीस पोरं माना वर करून किंचाळली, आणि बाईंनी फ्रीजचं दार उघडून आतला दिवा बघितला, बंद केलं, परत उघडून परत बघितला. मला रडू आलं. खरंच आलं, लिहायला काय हरकत आहे?

फोटोत मी हसतो आहे. इरासिल्दा म्हणाली, "छान आलाय. मारिनाल्व्हाची गच्ची अगदी लखलखतेय तोंडात."

शुक्रवार, २ मे

सकाळी खाली पाव आणायला गेलो तर पायथ्याशी विटांचा ढीग. आठशे तरी असतील. शेजारी वाळू, त्याच्या शेजारी लोखंडी सळ्या. ढिगावर मारिनाल्व्हा बसलेली, भर उन्हात, कालची कामगार दिनाची सुट्टी नाही की रविवार नाही, अशा दिवशी.

"काय गं, इकडे कशी?"

"म्हातारी गेली, सेऊ ओरिवाल्दो. बावीस वर्षांचा जो काही हिशेब होता तो मुलांनी केला. केला कसला, वकिलाने करायला लावला. आता बांधते."

"काय बांधतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "खोली. तुमच्या डोक्यावर."

मी म्हणालो, आता दिवस बरे नाहीत, ऑगस्टपर्यंत थांब. ती म्हणाली, मे महिन्यात पाऊस नसतो, याहून बरे दिवस कुठले? मी म्हणालो, माझ्या भिंती जुन्या आहेत. ती म्हणाली, विकताना तर तुम्ही म्हणाला होतात की या भिंतींवर चर्च उभं राहील. मी तसं म्हणालो होतो. बाईच्या लक्षात नको त्या गोष्टी राहतात.

पाव विसरूनच परत आलो.

मंगळवार, ६ मे

परिस्थितीचा थंड डोक्याने विचार केला. मारिनाल्व्हाला खरं कारण सांगावं तर अर्जातली हमी सांगावी लागते. बेतिनाला बांधकामाचं सांगावं तर कागद दाखवावा लागतो. दोघींनाही काही न सांगणं हाच दोघींच्या हिताचा मार्ग आहे. एकतीस वर्षं मी कुठल्या मजल्यावर कोण कुणाकडे जातं हे एका शब्दाने बोललो नाही, आणि ती इमारत अजून उभी आहे.

बुधवार, १४ मे

विटांचे सात थर झाले. मारिनाल्व्हाचा भाऊ आणि बहिणीचा नवरा बांधतात, ती स्वतः माल कालवते. माझ्या बैठकीच्या छतातून दिवसभर धपाधप माती पडते, कॉफीतसुद्धा.

आज वर जाऊन मी तिला मोलाचा सल्ला दिला. "छत जरा बुटकं ठेव. पावणेदोन मीटर पुरे. उंच खोलीत हवा फार खेळते, हाडं धरतात."

"सेऊ ओरिवाल्दो, मी उभी किती आहे ते बघा."

ती चांगली ताडमाड आहे. मी म्हणालो, घरात बाईमाणूस बहुतेक वेळ बसलेलंच असतं. तिचा भाऊ थापी हातात धरून इतका हसला की एक वीट खाली पडली. ती माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडली, हेही नोंदवून ठेवतो.

खिडकीसाठी तिने समुद्राची बाजू सोडली आहे. दार आणून उभं केलंय, सेकंडहँड, हिरवं. त्याला आतून दोन कड्या लावल्या आहेत. एक पुरली नसती का?

गुरुवार, २२ मे

भिंती पूर्ण. सकाळी नऊला पॅनलच्या पहिल्या रांगेवर हातभर सावली होती. मी संध्याकाळी पुन्हा बघितलं, तेव्हा नव्हती. (सूर्य मावळला होता.)

एक समाधान आहे. भिंत काय, कधीही पाडता येते. स्लॅब पडला की मग मात्र इलाज नाही. स्लॅब रविवारी आहे. सगळ्या टेकडीला बोलावणं गेलंय.

आता माझी सगळी भिस्त सभासदांवर. पॅनल त्यांचे आहेत. ज्याने पॅनल डोक्यावरून वाहिले तो त्यांच्यावर सावली पाडणारा स्लॅब भरायला जाईल का? कोणीतरी म्हणेलच की थांबा. ते कोणीतरी मी नसावं एवढीच माझी इच्छा आहे.

रविवार, २५ मे

सकाळी सहाला चौतीसपैकी एकतीस सभासद हजर. बाकीच्या तिघांतले दोन तुरुंगात आणि एक बाळंतीण.

आमच्या टेकडीवर माणूस लग्नाला गेला नाही तर चालतं, मयताला उशिरा गेला तर चालतं, पण स्लॅब भरायला बोलावलं आणि गेला नाही, तर त्याचं नाव काढायला माणूस उरत नाही. स्लॅब एकदा सुरू झाला की अर्ध्यावर सोडता येत नाही, सांधा राहतो, गळतो. म्हणून सगळे लागतात. पायथ्यापासून वरपर्यंत माणसांची साखळी, बादल्या हातोहात वर. पाळणाघरातल्या पोरांच्या आया साखळीत, पाववाला साखळीत, पाद्री बाही सरसावून साखळीत. दोना युफ्राझियाबाई सभागृहाच्या अंगणात काळ्या घेवड्याच्या दोन मोठ्या हंड्या ढवळत होत्या, डुकराचे कान नि शेपट्या टाकून.

मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर घालत होतो, "काय ही उंची! सावली लांब पडणार नाही?" सगळे म्हणायचे, "पडेल की, सेऊ ओरिवाल्दो, ही बादली धरा." मी धरली. दोनशे तरी बादल्या धरल्या असतील. मीसुद्धा याच टेकडीवर राहतो, मला काय नाव काढायला माणूस नको आहे?

दहाच्या सुमाराला मी दोना युफ्राझियाबाईंकडे पाणी प्यायला गेलो. त्यांनी सभागृहाच्या गच्चीकडे हात करून विचारलं, "छान सावली पडलीय ना रे आज?"

"हो ना, गारवा आहे," मी म्हणालो. बाई उगाच कौतुक करणाऱ्यांतल्या नाहीत, त्यामुळे बरं वाटलं.

दोन वाजता शेवटची बादली गेली. मारिनाल्व्हा ओल्या स्लॅबच्या कडेला उभी होती, कोपरापर्यंत सिमेंट, केसांत सिमेंट. कुणीतरी तिला बिअरची बाटली दिली. तिने ती प्यायली नाही, तशीच छातीशी धरून ठेवली. मग जेवणं झाली. सगळे घोळक्याने बसून हळू आवाजात बोलत होते, मी गेलो की फुटबॉलचं बोलायला लागायचे. वातावरण गंभीर वाटलं म्हणून मी उभा राहून एकजुटीवर वीस मिनिटं भाषण केलं. टाळ्या चांगल्या पडल्या, विशेषतः शेवटी.

सोमवार, २ जून

वीज मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा दिवसाला साठ युनिट असायचा, तो सव्वीसवर आला. पारव्यांची विष्ठा असावी. साबणाने पॅनल धुतले.

मंगळवार, ३ जून

पंचवीस. पारवे नसावेत.

बुधवार, ४ जून

दुपारी तीनला बॅटरी संपली. पाळणाघराचा फ्रीज बंद. दोना युफ्राझियाबाईंनी दुधाच्या पिशव्या उचलून बेकरीवाल्याच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवल्या. जाताना माझ्या दारावरूनच गेल्या. काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, माझ्यावर विश्वास आहे म्हणून.

गुरुवार, ५ जून

बेतिना आली. गच्चीवर गेली आणि तिथेच थांबली. नाकावरच्या मलमासकट वळून माझ्याकडे पाहिलं.

"ही भिंत कुठून आली?"

"वाढली."

"भिंत वाढते?"

"आमच्याकडे वाढते."

तिने समजावून सांगितलं. एका रांगेतला एक पॅनल सावलीत गेला की तो अख्ख्या रांगेचा गळा आवळतो. पुढच्या दोन रांगा, म्हणजे चौदा पॅनल, सावलीत आहेत आणि बाकीच्यांनाही ओढताहेत. मग पिशवीतून तिने अर्ज काढला. माझी सही बघितली. ओरडली असती तर बरं झालं असतं. इमारतीतले डॉक्टरसाहेब ओरडायचे, त्याचं काही वाटत नसे. ही पोर नुसतीच म्हणाली, "पंधरा तारखेला सभा बोलवा. तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल."

पायऱ्यांवरून उतरताना तिला दोनदा ठेच लागली. मी वरून बघत होतो.

शनिवार, १४ जून

भाषण तयार आहे. नऊ पानं, 'कामाचे स्वरूप'च्या रकान्यासकट. मथळा: 'बाळांच्या दुधावर पडलेली सावली'. मारिनाल्व्हाचं नाव कुठेही घेतलेलं नाही, फक्त 'एक व्यक्ती' असं म्हटलंय. ठराव असा आहे की, सव्वीस मुलांच्या भल्यासाठी त्या एका व्यक्तीने वरचे सहा थर आणि स्लॅब काढून घ्यावा, आणि सर्वांनी श्रमदान करावं. पाडायलाही साखळीच लागणार.

इरासिल्दाला वाचून दाखवलं. ती ताटं घासत होती. म्हणाली, "तिला बावीस वर्षं कडी नव्हती दाराला, आणि तू तिचं छत काढतोस."

मी म्हणालो, "मी नाही, सभा काढणार आहे."

ती आज बहिणीकडे झोपायला गेली.

रविवार, १५ जून

आत्ताच आलो आहे. जसं घडलं तसं लिहितो.

चौथ्या पानापर्यंत सगळे शांत होते. मी समजलो, हृदयाला भिडतंय. ठराव वाचला. म्हटलं, बाजूने असतील त्यांनी हात वर करा. माझा हात वर होता. बराच वेळ तो एकटाच वर होता. तिसऱ्या ओळीत इरासिल्दा हाताची घडी घालून बसली होती.

मग मारिनाल्व्हा उठली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद होता. ती म्हणाली, "मला वाचता नीट येत नाही. दोना युफ्राझिया, तुम्ही वाचा." त्यांनी वाचला. 'मी, ओरिवाल्दो द पाउला, माझ्या घरावरची गच्ची आणि तिच्यावर बांधण्याचा हक्क कायमचा देत आहे.' खाली माझी सही. साक्षीदार एक, मरण पावलेला न्हावी. साक्षीदार दोन, युफ्राझिया.

साक्षीदार दोन कोण होतं हे मी विसरलो होतो. नऊ वर्षं झाली त्याला.

"मग बाई, तुम्हाला तर सगळं माहीत होतं!" मी ओरडलोच. "अर्ज भरला तेव्हा का नाही बोललात?"

"अर्ज आम्हाला दाखवलास कधी? 'अध्यक्ष बघून घेतील' म्हणालास."

"आणि स्लॅब? डोळ्यांदेखत सावली पडत होती, आणि तुम्ही हंड्या ढवळत होतात! तुम्ही सगळे! स्वतःच्या पॅनलवर स्वतःच्या हातांनी स्लॅब भरलात?"

पाववाला म्हणाला, "म्हणजे काय? बोलावलं होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढंच कारण होतं. कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारून झाल्यावर मलाही वाटलं नाही.

दोना युफ्राझियाबाईंनी चष्मा काढला. "ओरिवाल्दो, पॅनलला चार स्क्रू असतात. तो हलवता येतो. बाईच्या डोक्यावरचं छप्पर हलवता येत नाही. हे त्याच दिवशी जेवताना ठरलं आमचं. चौदा पॅनल मारिनाल्व्हाच्या स्लॅबवर जातील. ती टेकडीवरची सगळ्यात उंच गच्ची आहे आता. बेतिनाला पण विचारलंय."

"मला का नाही सांगितलं?"

"तू भाषण करत होतास. मग म्हटलं, वाट बघू, तू आपणहून सांगतोस का. तीन आठवडे बघितली."

बेतिना खाली मान घालून बसली होती. मारिनाल्व्हा अजून उभीच होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, सगळ्यांना मिळून म्हणाली, "मला अजून वर काही बांधायचं नाही. मला एकच खोली पाहिजे होती. वरचं आभाळ तुम्ही घ्या. दोरीपुरती जागा सोडा, कपडे वाळत घालायला. आणि अर्ज या खेपेला मी भरणार. दोना युफ्राझिया लिहितील, मी सांगेन."

त्यावर हात वर झाले. मी मोजले नाहीत. माझाही वर गेला, उशिराने, पण गेला. नवा अध्यक्ष निवडायचा विषय शेवटी आला आणि दोन मिनिटांत संपला. दोना युफ्राझियाबाई. आणि ही सभा फुटबॉलच्या वेळेलाही नव्हती.

शनिवार, २१ जून

पॅनलचं वजन पेलायला खांब लागणार, असं बेतिना म्हणते. माझ्या भिंतींवर चर्च उभं राहणार नाही, असंही म्हणाली. खांब वरून मारिनाल्व्हाच्या कोपऱ्यातून निघून खाली माझ्या बैठकीतून जातो. बरोबर माझी खुर्ची आणि टीव्ही यांच्या मधोमध. मी हरकत घेणार होतो. इरासिल्दा म्हणाली, "घर अर्धं माझं आहे. खांब माझ्या अर्ध्यात घाला."

ती परत आली आहे. अजून फारसं बोलत नाही.

शुक्रवार, २७ जून

खांब झाला. चौदा पॅनल वर गेले. या वेळी मी दोन पॅनल वाहिले, न ओरडता. साखळीत शेजारी उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "सेऊ ओरिवाल्दो, घसा बरा आहे ना?"

आकडा अठ्ठावन्न. फ्रीज दिवसरात्र चालू आहे.

फुटबॉल बघायला आता मान डावीकडे वाकवावी लागते. गोल नेमका खांबामागे होतो.

रविवार, २९ जून

मारिनाल्व्हा काल राहायला आली. एक गादी, एक गॅस, दोन पिशव्या. आज दुपारी इरासिल्दाने मक्याचा केक केला, ताटलीत घातला, वर फडकं टाकलं आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "जा. आणि तोंडाने काय म्हणायचं ते तुझं तू ठरव."

तेवीस पायऱ्या आहेत वर. चढताना मी तीन प्रकारे वाक्य जुळवलं. एकात 'गैरसमज' हा शब्द होता, तो काढला. दुसऱ्यात 'परिस्थिती' होती, तीही काढली. शेवटी 'मारिनाल्व्हा, चुकलं माझं' एवढंच उरलं. इतकं छोटं वाक्य मी आयुष्यात कधी केलेलं नाही.

हिरवं दार बंद होतं. वाजवलं.

"कोण?"

"मी, ओरिवाल्दो. केक आणलाय."

आत काही हललं नाही. मग आवाज आला, अगदी शांत, कशाचाही राग नसलेला. "आत्ता नको, सेऊ ओरिवाल्दो. मी झोपलेय."

मी तसाच उभा राहिलो. मला वाटलं, आता पावलं वाजतील, कडी निघेल. माझ्या सगळ्या आयुष्यात दार वाजलं आणि ती किंवा मी उठलो नाही असं कधी झालेलं नव्हतं. आम्हा लोकांचं कामच ते. पण पावलं वाजली नाहीत. दोन्ही कड्या लागलेल्या होत्या, फटीतून दिसत होत्या. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं.

वाक्य तोंडातच राहिलं. चपला हातात घेऊन मी खाली उतरलो, आवाज होऊ नये म्हणून.

इरासिल्दा खांबाला टेकून उभी होती. "काय झालं?"

"झोपलीय."

"दुपारी तीन वाजता?"

"हो," मी म्हणालो. "तिचं घर आहे."

तिने फडकं बाजूला केलं आणि म्हणाली, "बस. थंड व्हायच्या आत आपण तरी खाऊ."